बांधकाम परवानगी नाकारली तर अपील कसं करायचं

नकाशा नामंजूर झाला की लोक आधी कार्यालयात खेटे घालतात. साहेब भेटतील, बघतील, एवढ्या आशेवर महिना निघून जातो. मी परवानाधारक अभियंता आहे, कृष्णाकाठी नकाशे करतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला पहिलं हेच सांगतो की पत्राचं पाकीट जपून ठेवा आणि पत्र मिळाल्याची तारीख त्यावर लिहा. एमआरटीपी कायद्याच्या, म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या, कलम ४७ प्रमाणे अपिलाला ४० दिवस मिळतात आणि ते आदेश तुम्हाला कळवल्याच्या तारखेपासून मोजतात.

आधी बघा, हातात आलंय ते काय आहे. त्रुटीपत्र, म्हणजे फाइलमधल्या उणिवा कळवणारं पत्र, असेल तर त्रुटी दूर करून फाइल परत दाखल करा. तिथे अपिलाचा प्रश्न नाही. अपील चालतं ते कलम ४५ खालच्या आदेशावर. परवानगी नाकारली तर चालतंच, पण मंजुरी देऊन जाचक अट घातली असेल तरीही चालतं. हे फार कमी जणांना ठाऊक असतं. अट मान्य नसेल तर बांधकामाला हात लावण्याआधीच अपील करा.

आता कारण वाचा. कारण लिहिणं कलम ४५ नेच बंधनकारक केलंय आणि सगळं अपील त्या दोन-तीन ओळींवर उभं राहतं. आमच्या भागात हमखास येणारं वाक्य म्हणजे ‘भूखंड पूररेषेत येत असल्याने नामंजूर’. पण कुठली पूररेषा? निळी रेषा नदीजवळची, लाल तिच्या बाहेरची. नदी आणि निळ्या रेषेच्या मध्ये घर बांधता येत नाही, तिथे अपिलात पैसे घालवू नका. निळ्या आणि लाल रेषेच्या मध्ये मात्र युडीसीपीआर, म्हणजे २०२० ची एकत्रिकृत नियमावली, लाल रेषेच्या पातळीपासून ०.४५ मीटर उंचीवर बांधकाम करू देते. अशा वेळी जलसंपदा विभागाच्या पूररेषा नकाशावर आपला गट नंबर दाखवा, जोत्याची पातळी लिहा आणि नियम जसाच्या तसा उतरवा. ‘अन्याय झाला’ या पानभर मजकुरापेक्षा हा एक कागद जास्त काम करतो.

अपील राज्य शासनाकडे, नगर विकास विभागात जातं. शासन उपसचिवापेक्षा कमी दर्जाचा नसेल असा अधिकारीही त्यासाठी नेमू शकतं. नामंजुरीची प्रत, दाखल केलेले नकाशे, सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि झोन दाखला, म्हणजे जमीन विकास आराखड्यात कुठल्या विभागात येते त्याचा दाखला, जोडा. शुल्क विचारून भरा, पोच घेतल्याशिवाय हलू नका. सुनावणीत तुम्ही आणि नियोजन प्राधिकरण (परवानगीचा निर्णय देणारी महापालिकेसारखी संस्था), दोघांचंही म्हणणं ऐकावं लागतं. जाताना नकाशा करणाऱ्याला सोबत न्या.

अपील दाखल केलं म्हणजे परवानगी मिळाली, असं समजून कोणी पाया खोदला तर विनापरवाना बांधकामाबद्दल कलम ५३ ची नोटीस येते. खरंच थांबा. अर्जाला ६० दिवसांत उत्तर न आल्यास परवानगी मानीव ठरते, म्हणजे मिळाली असं धरलं जातं, पण बांधकाम नियमात तंतोतंत बसत असेल तरच. त्या भरवशावर स्लॅब टाकायला मी कोणालाच सांगत नाही.

शेजाऱ्याच्या मंजुरीवर मात्र तुम्हाला कलम ४७ खाली जाता येत नाही, ते फक्त अर्जदारासाठी आहे. अर्जदाराने खोटी माहिती दिली असेल तर महापालिका हद्दीत आयुक्तांकडे महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २५८ खाली मंजुरी रद्द करण्याचा अर्ज द्या, पुराव्यासकट. मंजूर नकाशाची प्रत माहितीच्या अधिकारात मागता येते. दिवाणी दाव्याला एमआरटीपी कायद्याचं कलम १४९ आडवं येतं, म्हणून पुढची पायरी उच्च न्यायालयातली रिट याचिका. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गकरांना त्यासाठी ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठावी लागत नाही.