विंग डोक्यावर न येता मागे रेंगाळते: माझा अनुभव

कामशेतला पॅराग्लायडिंग करताना माझी हलकी क्रॉस-कंट्री (लांब पल्ल्याच्या उड्डाणाची) विंग, म्हणजे पॅराग्लायडरचे कापडी छत, फुगवताना मागेच रेंगाळू लागली. ओढण्याची पद्धत बदलली, ब्रेक सैल केले, कप्प्यांतील माती झटकली. अख्खा मोसम वाया गेला. दोष दोऱ्यांत होता: आवरण नसलेल्या डायनीमाच्या (एक मजबूत कृत्रिम धागा), कमी भार घेणाऱ्या सी दोऱ्या (विंगच्या मागच्या बाजूच्या) आखडतात, तर ए दोऱ्या (पुढच्या कडेच्या) भारामुळे ताणलेल्या राहतात; म्हणून विंग मागे ओढली जाते. तपासनिसाच्या देखरेखीखाली प्रत्येक दोरी ५ किलोच्या ताणाखाली लेझरने मोजली, लांबी उत्पादकाच्या तक्त्याशी ताडली, मग तक्त्यापेक्षा आखूड निघालेल्या सी दोऱ्यांचा मेलॉनवरील (दोऱ्या पट्ट्याला जोडणारी धातूची कडी) जादा वेढा दोन्ही बाजूंनी सोडवला (वेढा सोडल्यास दोरी लांबते, घातल्यास आखडते; येथे गल्लत घातक ठरते) आणि पुन्हा मोजणी केली. त्यानंतर सपाट मैदानावर, संथ वाऱ्यात, विंग एका दमात डोक्यावर आली.