ट्यूबवरच्या पेशंटची जीभ सुजली? या चुका टाळा

डोंबिवलीहून दादरला लोकल बदलून आलेली बाई पाच मिनिटांच्या व्हिजिटिंगमध्ये विचारते, सिस्टर, ह्यांची जीभ अशी बाहेर का आलीय, आणि तेव्हा लक्षात येतं की सकाळपासून आपण मॉनिटर बघितला, पंप बघितले, युरिन मोजलं, तोंड मात्र बघितलंच नाही. माझं झालंय असं, म्हणून लिहितेय.

होतं काय, तर व्हेंटिलेटरसाठी तोंडातून श्वासनलिकेत घातलेली ट्यूब एकाच जागी दाबून राहते, जिभेतलं रक्त परत जायला वाट मिळत नाही, जीभ सुजते, सुजली की दातांत अडकते, दात रुतले की अजून सुजते.

सगळ्यात कॉमन चूक एअरवेची, म्हणजे तोंडात घालायच्या वाकड्या प्लास्टिकच्या नळीची. पेशंट ट्यूब चावतो म्हणून रात्री घातला आणि मग कोणी काढलाच नाही, तो नेमका जिभेवरच बसतो ना! त्यापेक्षा दाढांमध्ये बसणारा बाइट ब्लॉक बरा, पण तोही काढून त्याच्याखालची जागा बघायची. ट्यूबची बाजू रोज बदला, एकट्याने नाही हं, एकाने ट्यूब धरायची, दुसऱ्याने टेप लावायचा, दाताजवळचा सेंटीमीटरचा आकडा आधी आणि नंतर सेम हवा. पोटावर झोपवलेल्या पेशंटचं तर दर वेळी मान वळवताना तोंड बघा, कोविडात सोळा-सोळा तास पालथे ठेवायचो तेव्हा हे चांगलंच कळलं.

बाहेर आलेल्या जिभेवर कोरडं गॉझ ठेवू नका, चिकटतं आणि काढताना साल निघते. सलाईनमध्ये भिजवलेलं ठेवा, सुकायच्या आत बदला. जोर लावून आत ढकलू तर नकाच.

दुसरं, प्रत्येक सूज ट्यूबची नसते. रामिप्रिल, एनालाप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही जीभ सुजते, वर्षानुवर्षं घेत असले तरी अचानक, आणि त्या सुजेला अ‍ॅलर्जीवरच्या एव्हिल-स्टेरॉईडचा फारसा उपयोग होत नाही, गोळी बंद करावी लागते. नातेवाईक नुसतं 'बीपीची गोळी' म्हणतात, स्ट्रिप मागवा, फोटो चालेल.

आणि व्हेंटिलेटरची सेटिंग कमी झाली म्हणून ट्यूब काढायची घाई नको. कफ लीक टेस्ट (ट्यूबभोवतीच्या फुग्यातली, म्हणजे कफमधली हवा काढून ट्यूबच्या बाजूने हवा निघते का ते बघणं) स्वरयंत्राजवळची सूज सांगते, जिभेची नाही, ती डोळ्यांनीच बघावी लागते. एवढ्या सुजलेल्या तोंडातून परत ट्यूब टाकणं म्हणजे अख्ख्या टीमला घाम. सूज उतरत नसेल तर डॉक्टर ट्रॅकिओस्टॉमीचं बोलतात, गळ्याला भोक म्हटल्यावर घरचे हादरतात, त्यांना नीट सांगा की नळी तोंडातून निघाली की जिभेवरचा दाबच जातो.