भारतनेट, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत फायबरनं इंटरनेट न्यायची सरकारी योजना, गावात आलंय म्हणतात, मग घरात नेट कसं आणायचं?

पहिलं काम, ग्रामपंचायतीत स्वतः जा आणि भारतनेटचा डबा कुठंय विचारा. फोनवर विचारू नका, फोनवर सगळेच "हो हो चालूये" म्हणतात. डबा म्हणजे ओएनटी, फायबरची वायर येऊन जोडली जाते ते यंत्र, सोबत बॅटरी आणि बहुतेक ठिकाणी वर सोलर पॅनल. आमच्याकडे तो जुन्या रजिस्टरांच्या गठ्ठ्यामागं सापडला आणि त्याचा प्लग काढून तिथं टेबलफॅन लावलेला! योजना हजारो कोटींची नि अडलंय काय तर एक सॉकेट.

आता लाइट बघा. पॉवरचाच लाइट नसेल तर वीज नाहीतर बॅटरी. पीओएनचा हिरवा लाइट स्थिर असेल तर वायरच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनशी लाइन जोडलेली आहे. पण एलओएसचा लाल लाइट लुकलुकत असेल तर फायबरमधून प्रकाशच येत नाहीये, म्हणजे वायर कुठंतरी तुटलीये किंवा जोड सुटलाय, मग डबा कितीही वेळा बंद-चालू करा, काही होणार नाही. लाइटचा फोटो काढून ठेवा, तक्रारीत लागतो.

तर योजना मंजूर झाली २०११ ला, तेव्हा नाव एनओएफएन (नॅशनल ऑप्टिकल फायबर नेटवर्क) होतं, भारतनेट हे २०१५ नंतरचं. टार्गेट होतं अडीच लाखाच्या आसपास ग्रामपंचायती आणि प्रत्येकीला निदान १०० एमबीपीएस. पंचायतीपर्यंत बरं का, तुमच्या घरापर्यंत नाही, लोकांचा घोळ इथंच होतो. त्यात आधी वायर तालुक्याकडून एकाच वाटेनं यायची, मधे तुटली की पुढचं बंद. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये १,३९,५७९ कोटींचा सुधारित प्लॅन मंजूर झाला, त्यात रिंग करायचीये, म्हणजे एका बाजूनं तुटली तरी दुसऱ्या बाजूनं नेट चालू. आपलं गाव रिंगमध्ये आलंय का हे ग्रामसेवकांना विचाराच. आणि लाइन कुणाची तेही विचारा, कारण महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचं काम राज्यानं महानेट म्हणून केलंय, पहिल्या टप्प्याचं केंद्राकडचं, चुकीच्या दारात तक्रार टाकली की महिनाभर नुसते हेलपाटे.

घरचं कनेक्शन मिळतं ते उद्यमीकडून, म्हणजे भारतनेटची लाइन घरोघरी जोडून देणारा गावातला किंवा शेजारचा पोरगा, बऱ्याचदा आधीचा केबलवालाच. बिलातला हिस्सा त्याला मिळतो त्यामुळं त्यालाही गिऱ्हाईक हवंच असतं, भाव करायला लाजू नका. राउटर कुणाचा, डिपॉझिट परत मिळणार का, डेटाची लिमिट संपल्यावर स्पीड किती राहणार, वायर तुटली तर खर्च कुणाचा, हे व्हॉट्सअपवर का होईना पण लिहून घ्या. "ब्रॉडबँड आहे" एवढ्यावर भुलू नका, सरकारी व्याख्येत किमान २ एमबीपीएसलाही ब्रॉडबँडच म्हणतात. उद्यमीच नसेल तर पीएम-वाणी ही सार्वजनिक वायफायची सरकारी योजना बघा, डिसेंबर २०२० पासून साधा किराणा दुकानदारही लायसन्सशिवाय वायफाय विकू शकतो.

वायर घरात घेताना दाराच्या फटीत चेपायची नाही, खिळ्याला गुंडाळायची नाही, कोपऱ्यात काटकोनात वाकवायची नाही. आत काच आहे, तांबं नाही. जास्तीची वायर ताटाएवढं वेटोळं करून टांगा.

पैसे द्यायच्या आधी स्पीड तपासा, पण मोबाइलवर वायफाय लावून आतल्या खोलीतून नाही. राउटरला लॅन केबलनं लॅपटॉप जोडा, एकदा पहाटे नि एकदा रात्री नऊला टेस्ट करा. दोन्हीत मोठा फरक पडला तर लाइन बरोबर आहे, गर्दी जास्तीये, तेवढंच उद्यमीला दाखवा.

बंद पडलं तर तक्रार नंबर घ्या, नंबरशिवाय तक्रार म्हणजे गप्पा. काम होत नसेल तर केंद्राच्या लाइनसाठी सीपीग्राम्स हे केंद्र सरकारचं तक्रारींचं पोर्टल आहे, आणि १० रुपयात माहिती अधिकाराचा अर्ज टाकून पंचायतीतली लाइन किती दिवस बंद होती ते मागवा. ग्रामसभेत विषय घेतला तर अजून बरं, ठराव कागदावर राहतो.

आणि हो, शेतात पाइपलाइनसाठी जेसीबी लावणार असाल तर आधी कॉल बिफोर यू डिग ॲपवर कळवा, मार्च २०२३ मध्ये त्याचसाठी काढलंय. आमची लाइन गेल्या उन्हाळ्यात दोनदा तुटली आणि दुसऱ्यांदा जेसीबी आमच्याच चुलत्यांनी बोलावलेला.