खाडीकाठच्या जुन्या घरात समारंभ ठरवताय? या चुका टाळा

गोव्यात आणि तळकोकणात नदीच्या, खाडीच्या काठावरची जुनी घरं हल्ली लग्नाला, साखरपुड्याला, कंपन्यांच्या मेळाव्यांना भाड्याने मिळतात. लोक फोटो बघतात, एखाद्या शनिवारी येऊन हिरवळीवर फेरी मारतात आणि आगाऊ रक्कम देऊन मोकळे होतात. पुढे जे बिघडतं ते दरवेळी तेच असतं.

भरती-ओहोटी न बघता वेळ ठरवणं

पौर्णिमा सगळ्यांनाच हवी असते, कारण पाण्यावरचा चंद्र. पण आपल्या किनाऱ्यावर पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती भरते दुपारी सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. संध्याकाळी चंद्र वर येतो तेव्हा ओहोटी तळाला गेलेली असते. तीही उधाणाची, म्हणजे पाणी नेहमीपेक्षा जास्त आत ओढलं जातं. चंद्र उगवतो चिखलावर, आणि त्या चिखलाला वास असतो.

उत्तर गोव्यातल्या एका नदीकाठच्या घरातलं लग्न. नवरदेव होडीतून येणार, धक्क्यावर सनई, वर ड्रोन. जागा पाहिली होती ती एका रविवारी सकाळी, पाणी धक्क्याच्या वरच्या पायरीला लागलेलं असताना. लग्न पौर्णिमेचं, आगमन साडेपाचला. होडी धक्क्यापासून तीस-चाळीस फुटांवर रुतली. नावाड्याने वल्ह्याने ढकलून पाहिलं, मग हात टेकले. केटररच्या टेबलांच्या फळ्या चिखलावर टाकून नवरदेवाला उतरवलं. एक मोजडी रुतून बसली ती बसलीच. सनईवाले पाऊण तास तेच वाजवत राहिले. नावाड्याला कोणी आधी विचारलं असतं तर त्याने एका वाक्यात सांगितलं असतं, पण त्याला बोलावलं होतं थेट त्या दिवशी.

हिशेब सोपा आहे आणि कोकणात तो जुन्या माणसांना तोंडपाठ असतो: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, पौर्णिमेला सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. भरतीनंतर सव्वासहा तासांनी ओहोटी, आणि रोज वेळ साधारण पाऊण तास पुढे सरकते. खाडीत जितकं आत जाल तितका उशीर. म्हणून संध्याकाळी होडीतून यायचं असेल तर सप्तमी-अष्टमी धरा. भांगाचं पाणी, म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान भरती, फार चढत नाही, पण त्या वेळी ते असतं, आणि शांत असतं. हा अंदाज झाला. तारीख पक्की करण्याआधी छापील भरती-ओहोटीचं कोष्टक बघायचंच.

उलट बाजूही बघा. दुपारचा मुहूर्त आणि पौर्णिमा असेल तर खालच्या हिरवळीवर मांडव नको. धक्क्याच्या दगडांवर शेवाळ आणि कालवं कुठपर्यंत चिकटली आहेत ते पाहायचं. पाणी नेहमी तिथवर येतं, उधाणाला त्याच्याही वर. सगळ्यांत मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, हे विसरू नका. त्या रेषेपासून निदान दोन फूट उंच जमिनीवरच स्टेज लावायची, ही आमची सवय.

भिंतीला खिळा, टेप, आणि वर पुट्टीचा मुलामा

ही घरं जांभ्याची, वर चुन्याचा गिलावा आणि चुन्याचीच सफेदी. जांभा मऊ आणि सच्छिद्र असतो. दोन इंची खिळा ठोकला तर तो धरत नाही, डुगडुगतो. अँकर बोल्ट आवळला तर दगडाचा टवकाच निघतो. मग डेकोरेटर म्हणतो, 'दुतर्फी टेप लावू, भिंतीला काही होत नाही.' टेप काढताना सफेदीचे पाच-सहा थर एकदम पापुद्र्यासारखे सोलून येतात. अनामत रकमेवरून भांडण होतं ते इथे.

नुकसानापेक्षा दुरुस्ती वाईट. रातोरात पुट्टी भरून वर ॲक्रिलिक डिस्टेंपर मारला की सकाळी भिंत छान दिसते. पण खाडीकाठच्या भिंती खालून ओल आणि मीठ ओढत असतात. चुन्यातून ती ओल बाहेर पडते, ॲक्रिलिकखाली अडकते. मीठ आतच साखळतं आणि एका पावसाळ्यात फुगे येऊन गिलाव्यासकट सगळं गळतं. दुरुस्ती चुन्यानेच करायची, वेळ लागला तरी. ज्याला घाई आहे त्याने हॉटेलचा हॉल घ्यावा.

सजावट उभी करायची ती स्वतःच्या पायांवर, भिंतीपासून सहा इंच सोडून, म्हणजे भिंतीला वारा मिळतो. पायाला वजन हवं: वाळूच्या गोणी किंवा पाण्याने भरलेले ड्रम. लाल कोब्याच्या जमिनीवर लोखंडी पाय थेट टेकवू नका, खाली रबर किंवा प्लायचा तुकडा ठेवा.

वजन किती, हे अंदाजाने ठरवू नका. दुपारनंतर खारे वारे सुटतात. बारा बाय आठ फुटांचा कापडी पडदा ताशी ३० किलोमीटरच्या वाऱ्यात सुमारे ४० किलोचा रेटा घेतो. वारा ४५ झाला की तोच रेटा ९० किलोच्या आसपास जातो, कारण वेग दीडपट झाला की जोर सव्वादोनपट होतो. रेटा उंचावर बसतो, वजन जमिनीवर असतं, म्हणून वजन रेट्याच्या निदान दुप्पट लागतं. पाण्याकडे पाठ करून पडदा लावायचा हट्ट असेल तर कापडाऐवजी जाळी घ्या. रात्री मतलई वारे उलटे, जमिनीकडून पाण्याकडे वाहतात. चुलाणं मांडवाच्या कोणत्या बाजूला, हे त्यावरून ठरवा.

माडीवर संगीत

'पूर्वी इथे बॉलडान्स व्हायचे की!' व्हायचे. जोडपी सरकत फिरायची. दीडशे माणसं एका ठेक्यावर एकदम उडी मारतात ते वेगळं. आजच्या मानकात राहत्या खोलीच्या जमिनीसाठी चौरस मीटरला सुमारे २०० किलो भार धरतात, मोकळ्या खुर्च्यांच्या सभागृहाला ५००. या माड्या कुठल्याच मानकाने बांधलेल्या नाहीत. तुळईची टोकं ओल्या भिंतीत गाडलेली असतात, तिथेच कुजतात, तिथेच वाळवी लागते आणि वरून काही दिसत नाही. माडीवर जेवण, गप्पा, पेटी-तबला. नाच खाली.

वीज घराच्या बोर्डावरून घेणं

हजार वॉटचे चार हॅलोजन आणि दीड-दीड हजारांचे चहाचे दोन बॉयलर म्हणजे ७ किलोवॉट, तीसेक अँपिअर. जुन्या घराची वायर यासाठी नाही. घराच्या बोर्डावर फक्त घरातले दिवे ठेवायचे, बाकी सगळं जनरेटरवर, आणि पाण्याकडच्या प्रत्येक लाइनला ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका. केबल जमिनीवरून नेली तर जोड विटेवर उचलून ठेवा. डिसेंबर-जानेवारीत रात्री नऊनंतर दव इतकं पडतं की खुर्च्या निथळतात. साउंडचा बोर्ड छताखालीच हवा.

बाकीचं थोडक्यात. रात्री दहाला उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद, हा नियम २००० सालापासून देशभर आहे. सवलतीचे दिवस सरकार ठरवतं, मांडववाला नाही. पाण्यावरून आवाज पलीकडच्या वाड्यापर्यंत स्वच्छ जातो, तक्रार तिथूनच येते. भरतीरेषेजवळ तात्पुरता मांडव घालायचा असला तरी किनारी क्षेत्राची परवानगी लागते का, ते लेखी विचारा. जुन्या घराच्या शोषखड्ड्यावर अडीचशे पाहुणे सोडू नका, फिरती स्वच्छतागृहं आणा, पन्नास माणसांमागे एक. पांढरे झगझगीत दिवे पाण्याकडे लावलेत तर किडे-पाखरं जेवणात पडतील. पिवळे लावा आणि एक प्रखर दिवा मुद्दाम लांब टांगा.

नुसतं बघायला जाणाऱ्यांच्या चुका याहून साध्या आहेत. केप्याला कुशावतीकाठचं 'पालासिओ दो देआंव' हे १७८७ सालचं घर आहे. तिथे जेवायचं तर आधी सांगावं लागतं, ऐनवेळी पंधरा जण घेऊन उभं राहायचं नाही. मुरूडचा अहमदगंज राजवाडा खासगी आहे, तो रस्त्यावरूनच पाहायचा. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यात राज्य सरकारचं संग्रहालय आहे, सोमवारी बंद असतं. आणि शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी दिसली की ढकलून बघू नका. शिंपला एक निघाला की शेजारचे सुटायला लागतात, आणि ते बसवणारे कारीगर आता सहज मिळत नाहीत.