जुन्या गाडीच्या इंजिनातला ऑइल पंप : दुरुस्ती करताना या चुका टाळा

ऑइल प्रेशर गेजचा काटा खाली बसला की बहुतेक जण थेट पंपावर संशय घेतात, चेंबर (इंजिनाच्या तळाची तेलाची टाकी) उतरवून नवा पंप बसवतात आणि इंजिन सुरू केल्यावर काटा होता तिथेच पाहून हबकतात. पंपाचे काम तेल ढकलण्याचे. दाब तयार होतो तो त्या तेलाला वाटेत होणाऱ्या अडथळ्यामुळे, मुख्यतः क्रँकशाफ्ट आणि बेअरिंग यांच्यामधल्या अरुंद फटींमुळे. वर्षानुवर्षांच्या झिजेने या फटी रुंदावल्या असतील, तर पंप कोरा करकरीत असला तरी तेल त्यांतून सहज निसटते. थंड इंजिनात दाब उत्तम आणि तेल तापल्यावर आयडलिंगला (गाडी उभी असताना इंजिन संथ चालते तेव्हा) तो कोसळतो, असे दिसले तर पंप आणि बेअरिंग दोघेही संशयित असतात. मी स्वतः आधी बेअरिंगकडे पाहीन.

त्याहीआधी गेज खरे बोलते आहे का, हे तपासावे. पन्नास-साठ वर्षांचे गेज किंवा विजेवर चालणारा सेंडर (इंजिनावरचा दाब मोजून गेजला कळवणारा भाग) चुकीचा आकडा दाखवणे ही अगदी रोजची गोष्ट आहे, आणि तरीही ही तपासणी हमखास राहून जाते. सेंडर काढून त्या जागी साधे यांत्रिक टेस्ट गेज लावावे आणि इंजिन पूर्ण तापल्यावर दाब वाचावा. मिनिटाला दर १००० फेऱ्यांमागे साधारण १० पीएसआय (दाबाचे एकक), म्हणजे ०.७ बार, हा ठोकताळा अनेक इंजिनांना लागू पडतो, पण सरसकट नाही. १९२८ ते १९३१ या काळातल्या फोर्ड मॉडेल ए गाडीत पंप तेल फक्त व्हॉल्व्हच्या कप्प्यापर्यंत चढवतो. तिथून ते स्वतःच्या वजनाने मुख्य बेअरिंगकडे उतरते. अशा इंजिनात ४० पीएसआयची अपेक्षा धरून दुरुस्ती काढणे म्हणजे नसलेला आजार बरा करणे होय. आपल्या इंजिनाच्या वर्कशॉप मॅन्युअलमधला आकडा हाच प्रमाण मानावा.

सर्वांत जास्त गैरसमज रिलीफ व्हॉल्व्हविषयी आहेत. दाब कमी दिसला की त्याची स्प्रिंग ताणून लांब करायची किंवा तिच्यामागे वॉशर घालायचे, ही युक्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. पण हा व्हॉल्व्ह कमाल दाबाला मर्यादा घालतो. तापलेल्या इंजिनाच्या आयडलिंगला तो मुळातच बंद असतो, त्यामुळे स्प्रिंग कडक करून तिथला दाब तसूभरही वाढत नाही. थंड सुरुवातीला मात्र दाब अवाच्या सवा चढतो आणि फिल्टरचे पॅकिंग फाटण्यापर्यंत किंवा पंपाच्या ड्राइव्हवर ताण येण्यापर्यंत मजल जाते. स्प्रिंगची लांबी मॅन्युअलशी ताडून पाहावी आणि ती आखूड झालेली असेल तर सरळ नवी घालावी. एकदा माझ्या गाडीचा दाब अचानक १५ पीएसआयवर अडकला, तेव्हा मी अख्खा रविवार चेंबर आणि पंप उतरवण्यात घालवला. शेवटी रिलीफ व्हॉल्व्हच्या प्लंजरखाली मोहरीएवढा कार्बनचा खडा सापडला. व्हॉल्व्हचे झाकण बाहेरून एका पान्याने उघडत होते.

गेजचा काटा थरथरत असेल किंवा डिपस्टिकवर फेसाळ तेल दिसत असेल, तर पंप हवा ओढत आहे असे समजावे. तेलाची पातळी, ओढनळीच्या जोडावरचे पॅकिंग आणि नळीवरची बारीक चीर, या क्रमाने पाहावे. ओढनळीच्या तोंडावरची जाळी गाळाने तुंबण्यामागे बऱ्याचदा आपलेच हात असतात : चेंबरच्या पॅकिंगला सढळ हाताने लावलेले सीलंट आत ओघळते, वाळते आणि तुकड्यातुकड्यांनी जाळीवर जाऊन बसते. तसेच जुन्या, साध्या तेलावर वर्षानुवर्षे चाललेल्या इंजिनात चेंबर साफ न करता आधुनिक डिटर्जंट (गाळ धुऊन काढणारे) तेल भरल्यास साचलेला गाळ सुटा होऊन तिथेच येतो.

पंप उघडण्याची वेळ आलीच, तर सुटा करण्यापूर्वी गिअर किंवा रोटरवर (पंपातल्या फिरत्या भागांवर) मार्करने खुणा कराव्यात. एकमेकांशी घासून जुळलेली जोडी उलटसुलट बसवली तर झीज नव्याने सुरू होते. त्यानंतर पंपाच्या तोंडावर सरळ पट्टी आडवी ठेवून पट्टी आणि रोटर यांच्यामधली फट फिलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी) मोजावी. एमजीबी गाडीच्या बी-सिरीज इंजिनातल्या रोटर पंपासाठी ही फट ०.१२७ मिमीपेक्षा जास्त नसावी, रोटरच्या पाकळ्यांमधली ०.१५२ मिमीपेक्षा आणि बाहेरचे कडे व बॉडी यांच्यामधली ०.२५४ मिमीपेक्षा जास्त नसावी. झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवून पाहावे. नख अडकेल इतके चरे असतील, तर झाकण जाड सपाट काचेवर ग्राइंडिंग पेस्ट लावून एकसारखे घासून घ्यावे आणि पेस्टचा कणही मागे राहू देऊ नये. झाकणाखाली जिथे मुळात कागदी पॅकिंग नाही तिथे ते घालणे, किंवा आहे त्याहून जाड घालणे, ही चूक वरवर क्षुल्लक वाटते. पण त्या जाडीइतकीच फट वाढते आणि पंपाची सगळी ताकद त्या फटीत वाया जाते.

जाड तेल भरून काटा वर आणणे हा इलाज म्हणावा असा इलाज नाही. ज्या इंजिनाला २०डब्ल्यू-५० या जाडीचे तेल सुचवलेले आहे तिथे ते जरूर वापरावे, पण त्याहून जाड तेल थंड इंजिनात बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते.

खरा धोका पंप बसवून झाल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात असतो. कोरडा पंप तेल ओढत नाही. म्हणून बसवण्यापूर्वी तो तेलाने भरावा किंवा त्यात व्हॅसलिन ठासावे, कारण ते गरम तेलात विरघळून जाते. चाकाचे ग्रीस भरू नये. ते तितके सहज विरघळत नाही आणि तेलाच्या वाटा अडवू शकते. फिल्टर बदलत असाल तर जुने रबरी कडे खोबणीत चिकटून राहिले नाही ना, याची बोट फिरवून खात्री करावी. दोन कडी एकावर एक बसली की दाब येताच सगळे तेल जमिनीवर येते. मग सर्व स्पार्क प्लग काढून, इग्निशन कॉइलची जोडणी सोडून, गेज हलेपर्यंत स्टार्टर थोड्या थोड्या वेळाने, मध्ये विश्रांती देत फिरवावा. काटा उठल्यावरच प्लग लावून इंजिन सुरू करावे, आणि सुरू झाल्यावर काही सेकंदांत दाब दिसला नाही, तर रेस न देता ताबडतोब बंद करावे.