सदाफुली: पाणी कमी, निचरा चोख

माण, खटाव, जत, आटपाडीकडच्या मुरमाड अंगणात भर उन्हाळ्यातही फुलणारं झाड हवं असेल, तर सदाफुली लावावी. ती तहानेनं सहसा मरत नाही. मरते ती मुळाशी साचलेल्या पाण्यानं.

बियांसाठी शेंगा पिवळसर पडताच खुडाव्यात, नाहीतर त्या तडकून बी मातीत सांडतं. थंडी हटली की फेब्रुवारीअखेरीला पेरणी करावी. बारीक वाळू आणि चाळलेलं शेणखत निम्मं निम्मं घ्यावं. हे बी अंधारात चांगलं रुजतं, म्हणून वर अर्धा सेंटिमीटर माती आणि ओलं गोणपाट घालावं. दहा-पंधरा दिवसांत कोंब दिसले की गोणपाट लगेच काढावं, नाहीतर रोपं लांबुडकी आणि पिवळी होतात.

चार-सहा पानांवर आलेली रोपं ३० सेंटिमीटर अंतरावर लावावीत. दिवसाला निदान सहा तास ऊन हवंच. मुरमात खड्ड्याला ओंजळभर कुजलेलं शेणखत पुरे. युरिया टाळावा, त्यानं पाला माजतो आणि फुलं घटतात. वाळवा, पलूसच्या काळ्या मातीत मात्र निम्मा मुरूम मिसळून वाफा १५-२० सेंटिमीटर उंच करावा. पाटण, जावळीच्या पावसात कुंडीच बरी, तीही वळचणीच्या धारेपासून दूर. रोप वीतभर झालं की शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात.

पहिले तीन आठवडे दोन-तीन दिवसांआड पाणी द्यावं. पुढे बोट दोन पेरं खुपसून माती कोरडी लागली तरच. दुपारी पानं मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर काळजी नको. सकाळीही मलूल असतील तर आधी माती पाहा: कोरडी असेल तर पाणी द्या, ओली असेल तर मूळ कुजतंय. फांद्या बुडाकडून काळ्या पडून माना टाकू लागल्या, तर ती बुरशी असते. असं झाड मातीसकट काढावं आणि त्या जागी पुन्हा सदाफुली लावू नये.

चुनखडीच्या जमिनीत शिरा हिरव्या राहून पान पिवळं पडलं, तर लोह कमी पडतंय. चिलेटेड लोह, म्हणजे झाडाला शोषता येईल अशा रूपातलं लोह, द्यावं. पानं बारीक होऊन फुलांच्या जागी हिरवे झुपके आले, तर त्याला औषध नाही. तुडतुडे तो रोग शेजारच्या झाडांवर नेतात, म्हणून झाड उपटून जाळावं.

जुनं झाड खाली लाकडासारखं होऊन विरळ पडतं. मे अखेरीला निम्मं छाटावं. फूल नसलेल्या शेंड्यांच्या १० सेंटिमीटरच्या काड्या वाळूत सावलीत खोचल्या, तर तीन-चार आठवड्यांत मुळं धरतात.

या झाडातल्या व्हिंक्रिस्टिन, व्हिनब्लास्टिन या द्रव्यांपासून कर्करोगावरची औषधं बनतात. तीच द्रव्यं पोटात गेली तर विषारी ठरतात. मधुमेहावर म्हणून पानं चावून खाऊ नयेत, छाटणीनंतर हात धुवावेत आणि छाटलेला पाला शेळ्यांपुढे टाकू नये.