आधी डफ शेका, मग किक निवडा

शहादा-धुळ्याकडच्या पोरांचा पावरी या फुंकून वाजवायच्या आदिवासी वाद्याबद्दलचा प्रश्न ठरलेला: "पावरीवर बीट टाकायचाय, सॉफ्टवेअर कोणतं घेऊ?" कोणतंही घ्या. नुसत्या रेकॉर्डिंगपुरतं ऑडॅसिटी फुकट आहे, रीपर परवडतं. खरी झटापट वाद्याच्या सुराशी आणि लयीशी होते, आणि ती लॅपटॉप उघडण्याआधी सुरू होते.

पावरीचंच बघा. वाळलेला भोपळा, बांबूच्या नळ्या. तिचा सूर बनवणाऱ्याच्या हातावर ठरतो, कीबोर्डच्या प्रमाण सुराच्या ४४० हर्ट्‌झशी तिला देणंघेणं नाही. अर्धस्वर म्हणजे १०० सेंट. त्यातले तीस-चाळीस सेंट ती सहज इकडेतिकडे असते. नवखे लगेच पिच करेक्शन लावून तिला कीबोर्डच्या सुरात ओढतात आणि तिचा सगळा खरखरीत गोडवा जातो. त्यापेक्षा ट्यूनरवर पावरीचा स्वर मोजा आणि सिंथेसायझरचं, म्हणजे सिंथचं, फाइन ट्यूनिंग तेवढं सरकवा. सिंथला काही वाटत नाही. कॉर्डचा मोह आवरा, खाली एकच षड्ज धरून ठेवा. वरचे स्वर बारा सुरांच्या पट्टीत बसतीलच असं नाही.

डफाचं कातडं शेकलं की चढतं, दमट हवेत उतरतं. श्रावणात, कानबाईच्या दिवसांत घेतलेला डफ आणि मे महिन्यातला डफ एका गाण्यात जुळवायला जाऊ नका. शेकल्याबरोबर सलग वाजवून घ्या, उतरला की थांबून पुन्हा शेका. किक, म्हणजे बीटमधला खालचा जाड ठोका, त्यानंतर, डफाच्या घुमाऱ्याच्या खाली बसेल अशी निवडायची.

रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर करा आणि पातळी कमी ठेवा, कारण ढोलाचा एखादाच ठोका सगळं फाडून जातो. शेतात करत असाल तर विहिरीवरची मोटार बंद करायला सांगा. विजेची ५० हर्ट्‌झची घरघर मागाहून काढताना ढोलाचा तळही थोडा जातोच.

लयीचं दुखणं सगळ्यांत मोठं. हेडफोनवर ठरलेल्या वेगाची टकटक लावली की वहीगायनातला, म्हणजे खानदेशी डफावरच्या लोकगायनातला, वादक म्हणतो, "कानमा टकटक नको भाऊ." त्याचं बरोबर आहे. रंग चढला की वेग वाढणारच. त्याला मोकळं वाजवू द्या, मग फक्त समेवर वॉर्प मार्कर (ठोका कुठे पडला ते सॉफ्टवेअरला सांगणारी खूण) लावून ग्रिडच, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या मात्रांच्या रेघाच, त्याच्यामागे वाकवा. मधल्या ठोक्यांना हात लावू नका. पूर्ण क्वांटाइझ केलेला, म्हणजे प्रत्येक ठोका ग्रिडवर ओढून बसवलेला डफ ऐकायचा असेल तर हळदीचा कुठलाही डीजे ऐका!

पैशाचं आधीच बोला: बिदागी किती, गाणं चाललं तर हिस्सा किती, नाव कुठे येणार, आणि तेच वादन दुसऱ्या गाण्यात वापरायचं झालं तर काय. मोबाइलवर का होईना, त्याच्या बोलीत हे रेकॉर्ड करून ठेवा. होळीच्या आसपासची तारीख मात्र मागू नका. तेव्हा सातपुड्यातला वादक भोंगऱ्याच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी बाजारात नाहीतर काठी गावच्या होळीला असतो, आणि तुमच्या स्टुडिओपेक्षा तिथे त्याची गरज जास्त असते.